बाह्य हार्ड डिस्क आणि खोळंबलेला संगणक

एका लहानशा डबीत बसवलेली आणि केबलने संगणकाला जोडली जाणारी बाह्य हार्ड डिस्क ही आज भारतातील असंख्य घरांत, कचेऱ्यांत, छायाचित्रकारांच्या स्टुडिओत आणि ग्रंथालयांत आढळणारी वस्तू आहे. लग्नसमारंभाची छायाचित्रे, संशोधकाची टिपणे, संस्थेचे हिशेब, जुन्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती असा नाना प्रकारचा ऐवज तिच्यात साठवलेला असतो आणि पुष्कळदा त्याची दुसरी प्रत कोठेही नसते. अशी डिस्क एके दिवशी संगणकाला जोडावी आणि संगणकच जागच्या जागी थांबावा, पडद्यावरील बाण हलू नये, कळफलकाला प्रतिसाद मिळू नये, हा अनुभव अनेकांना येतो. व्यवहारात याला संगणक 'हँग' होणे असे म्हणतात.

या घटनेत एक गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. केबल काढून घेताच संगणक बहुधा पूर्ववत चालू लागतो. याचा अर्थ असा की, संगणक स्वतः बिघडलेला नसतो. तो कोणाची तरी वाट पाहत थांबलेला असतो. ही वाट कशामुळे पाहावी लागते, दोष डिस्कमध्ये आहे, केबलमध्ये आहे, वीजपुरवठ्यात आहे की फाइलींच्या मांडणीत आहे, हे ओळखण्याची एक पद्धत आहे. ती समजून घेणे केवळ सोयीचे नव्हे, तर आवश्यक आहे. कारण अशा प्रसंगी घाईने योजलेला उपाय कित्येकदा मूळ रोगापेक्षा घातक ठरतो आणि जो ऐवज वाचवता आला असता तो कायमचा नाहीसा होतो.

तबकडीची रचना

चुंबकीय तबकडीवर माहिती साठवणारे पहिले व्यापारी यंत्र आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने १९५६ साली 'रॅमॅक' या संगणकाबरोबर बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच अक्षावर बसवलेल्या होत्या. त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत आणि त्या सर्वांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. एखाद्या मोठ्या कपाटाएवढ्या या यंत्राचे वजन एक टनाच्या आसपास होते. १९८० साली सीगेट कंपनीने सव्वापाच इंची हार्ड डिस्क तयार केली आणि जवळजवळ तेवढाच साठा टेबलावरील संगणकात मावू लागला. आज खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कमध्ये त्याच्या कित्येक लाखपट माहिती राहते.

आकार पालटला, तथापि मूळ तत्त्व तेच राहिले. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. तबकडी वेगाने फिरत असते आणि एका हलत्या भुजेच्या टोकाला असलेले 'हेड' तिच्या पृष्ठभागावरून तरंगत माहिती लिहिते व वाचते. हेड आणि तबकडी यांच्यातील अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. एखादा धूलिकण, एखादा धक्का, किंवा फिरत असताना डिस्क टेबलावरून खाली पडणे, यांपैकी काहीही घडले तर हेड तबकडीला घासते आणि तेथील थर खरवडला जातो.

तबकडीचा पृष्ठभाग एककेंद्री वर्तुळांत व प्रत्येक वर्तुळ लहान खंडांत विभागलेले असते. या खंडांना सेक्टर म्हणतात. पूर्वी एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट माहिती असे. अलीकडील बहुसंख्य डिस्कमध्ये ४,०९६ बाइट असते. प्रत्येक सेक्टरमध्ये मूळ माहितीबरोबर काही जादा आकडे लिहिलेले असतात. वाचताना एखाददुसरी चूक झाली तर या जादा आकड्यांच्या आधारे गणिताने ती दुरुस्त करता येते. अशा चुका सतत होत असतात व सतत दुरुस्तही होत असतात; वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. अडचण उद्भवते ती चूक या गणिताच्या आवाक्याबाहेर गेल्यावर.

संगणक वाट का पाहतो?

एखादा सेक्टर वाचता आला नाही तर डिस्क लगेच हार मानत नाही. ती तबकडीचा पुढचा फेरा पूर्ण होण्याची वाट पाहते आणि तोच सेक्टर पुन्हा वाचू पाहते. हेड किंचित इकडे किंवा तिकडे सरकवून पाहते, पुन्हा प्रयत्न करते. घरगुती वापराच्या डिस्कची रचनाच अशी असते की, तिने अखेरपर्यंत चिकाटी सोडू नये. कारण तिच्यातील माहितीची दुसरी प्रत नसेल असे निर्मात्याने गृहीत धरलेले असते.

या चिकाटीची किंमत वेळात मोजावी लागते. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला ९० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. एका सेक्टरसाठी १०० वेळा प्रयत्न झाले असे समजले, तर त्यात एक सेकंदाहून थोडा अधिक वेळ जातो. दोन मेगाबाइटच्या एका छायाचित्रात ४,०९६ बाइटचे सुमारे ५०० सेक्टर असतात. ते सगळेच खराब असतील, तर निरोगी डिस्कवर क्षणार्धात उघडणाऱ्या या एका चित्रासाठी नऊ मिनिटांहून अधिक वेळ लागेल, आणि एवढे करूनही चित्र मिळणार नाही.

दरम्यान संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम काय करते? तिने डिस्ककडे माहिती मागितलेली असते व उत्तर आलेले नसते. ही मागणी तिच्या अगदी गाभ्यातून केलेली असते आणि तेथील नियम असा की, मागणीचा निकाल लागेपर्यंत संबंधित प्रोग्रॅमने पुढे सरकू नये. म्हणूनच अशा प्रोग्रॅमला बंद करण्याची आज्ञा दिली तरी तो बंद होत नाही. या प्रतीक्षेला मर्यादा असते. लिनक्समध्ये ती सर्वसाधारणतः ३० सेकंद, तर विंडोजमध्ये ६० सेकंद असते. परंतु मर्यादा संपल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कशी असलेला संबंध नव्याने जुळवते आणि तीच मागणी पुन्हा करते. अशी आवर्तने होत राहिली की बाहेरून पाहणाऱ्याला संगणक मृतवत भासतो.

आणखी एक कारण लक्षात घेतले पाहिजे. डिस्क जोडल्यावर वापरणाऱ्याने एकही फाइल उघडली नाही, तरी संगणक स्वस्थ बसत नाही. फोल्डरमधील चित्रांच्या लहान प्रतिमा तयार करणे, शोधासाठी सूची बनवणे, व्हायरसची तपासणी करणे अशी कामे तो आपणहून सुरू करतो. यांपैकी प्रत्येक काम डिस्कच्या निरनिराळ्या भागांना स्पर्श करते. दुखावलेला भाग नेमका त्या वाटेवर असला की सगळे काम अडते. याच कारणाने एखादी डिस्क एका संगणकावर लगेच अडते, तर दुसऱ्या संगणकावर काही काळ चाललेली दिसते.

केबल आणि वीज

तथापि प्रत्येक वेळी दोष तबकडीतच असतो असे नाही. कित्येक प्रसंगी तो त्याहून पुष्कळच स्वस्त भागात असतो.

बाह्य हार्ड डिस्क संगणकाला ज्या मार्गाने जोडली जाते त्याला यू.एस.बी. म्हणतात. निरनिराळ्या उपकरणांसाठी निरनिराळे सांधे असण्याच्या जाचातून वापरणाऱ्यांची सुटका करणारी ही व्यवस्था १९९६ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या घडणीत इंटेल कंपनीतील अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले होते. ही व्यवस्था आरंभी किती नाजूक होती याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एप्रिल १९९८ मध्ये शिकागो येथील प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना, यू.एस.बी.ने एक स्कॅनर जोडताच सगळा संगणक कोलमडला व पडद्यावर निळी सूचना झळकली. बाहेरून जोडलेले एक उपकरण संपूर्ण संगणकाला खाली बसवू शकते, हे प्रेक्षकांनी प्रत्यक्ष पाहिले.

यू.एस.बी.ची केबल माहितीबरोबर वीजही वाहून नेते. हीच तिची सोय आणि हीच अडचण. २००० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत एका उपकरणाला ५ व्होल्ट दाबाने जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर वीज मिळण्याची तरतूद होती. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ती ९०० मिलिअँपिअर झाली. अडीच इंची डिस्क एकदा फिरू लागली की तेवढ्यावर निभावते. परंतु स्थिर तबकडीला गती देतानाचे पहिले काही क्षण तिला याहून अधिक वीज लागू शकते. पोर्ट जुने असेल, केबल लांब किंवा बारीक तारेची असेल, किंवा एकाच हबवर चार उपकरणे जोडलेली असतील, तर ही गरज भागत नाही. मग तबकडी फिरू लागते, वीज अपुरी पडते, हेड सुरक्षित जागी मागे घेतले जाते, तबकडी मंदावते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. बाहेर मंद टकटक ऐकू येते व संगणक उपकरण जोडल्याचा आणि निघाल्याचा ध्वनी आलटून पालटून काढतो.

साडेतीन इंची मोठ्या डिस्कची गोष्ट निराळी. तिला १२ व्होल्टची वीज लागते आणि ती स्वतंत्र अडॅप्टरमधून येते. अडॅप्टर जुना झाला की तो दिव्यापुरती वीज देतो, परंतु तबकडी फिरवण्याइतकी देऊ शकत नाही. दिवा लागला म्हणजे वीज ठीक आहे, हा समज अशा वेळी फसवा ठरतो.

याखेरीज डबीच्या आत एक लहान मंडल असते. डिस्कची भाषा आणि यू.एस.बी.ची भाषा यांच्यात ते दुभाष्याचे काम करते. ते तापले किंवा बिघडले तर डिस्क निरोगी असूनही संभाषण तुटते. अर्धा तास प्रती बनवण्याचे काम सुरळीत चालावे आणि मग संगणक थांबावा, थोडा वेळ डिस्क थंड होऊ दिली की पुन्हा चालावा, असे वारंवार घडत असेल तर संशयाचा रोख या मंडलाकडे वळवावा.

तपासणीचा क्रम

वैद्य जसा प्रथम नाडी पाहतो व औषध नंतर देतो, तसाच क्रम येथेही पाळावा. पहिला प्रश्न यंत्राविषयी नसून त्यातील माहितीविषयी आहे: या डिस्कमध्ये जे आहे त्याची दुसरी प्रत आहे काय? प्रत असेल तर प्रयोगांना मोकळीक आहे. नसेल तर डिस्क जितका कमी वेळ चालू राहील तितके बरे, हे मनात ठेवून पुढचे प्रत्येक पाऊल टाकावे.

संगणक थांबलेला असताना लगेच वीज तोडू नये. डिस्कवरील दिवा लुकलुकत असेल तर पाचदहा मिनिटे थांबून पाहावे. त्यानंतरही हालचाल नसेल तर संगणक जबरीने बंद करण्याआधी बाह्य डिस्कची केबल काढावी. बहुधा अडून राहिलेल्या मागण्या त्यामुळे निकालात निघतात आणि संगणक सावध होतो. इतर प्रोग्रॅममधील काम त्यामुळे वाचते.

दुसरे पाऊल ऐकण्याचे. डिस्क हातात न हलवता टेबलावर ठेवून जोडावी आणि कान द्यावा. सौम्य, एकसारखी घरघर हे निरोगीपणाचे लक्षण होय. ठरावीक अंतराने येणारी टकटक ही एकतर अपुऱ्या विजेची किंवा हेड निकामी झाल्याची खूण असते. खरखर किंवा घासल्याचा आवाज आला तर त्याच क्षणी डिस्क काढून घ्यावी व पुन्हा जोडू नये. कारण अशा स्थितीत तबकडीचा प्रत्येक फेरा माहितीचा थर झिजवत असतो.

आवाज निर्दोष असेल, किंवा टकटक अपुऱ्या विजेची असावी असा संभव वाटत असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. प्रथम केबल बदलावी, आणि ती आखूड घ्यावी. मग पोर्ट बदलावे. टेबलावरील संगणकात पुढच्या बाजूच्या पोर्टपेक्षा मागच्या बाजूचे, मुख्य मंडलावर थेट बसवलेले पोर्ट अधिक भरवशाचे असते. हब मध्ये असेल तर तो काढावा, किंवा स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब वापरावा. शेवटी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष नाहीसा झाला, तर तो कशामुळे गेला हे कळत नाही व दोषी केबल पुन्हा वापरात येते. दुसऱ्या संगणकावर डिस्क सुरळीत चालली तर पहिल्या संगणकाचे पोर्ट, त्याच्या वीजबचतीच्या योजना आणि त्यावरील तपासणीचे प्रोग्रॅम यांकडे वळावे. सर्वत्र सारखाच खोळंबा झाला तर दोष डबीच्या आत आहे, असा निष्कर्ष निघतो.

संगणक सुरू होतानाच थांबत असेल आणि डिस्क काढल्यावर नीट सुरू होत असेल, तर आणखी एक शक्यता असते. सुरू होताना संगणक निरनिराळ्या साधनांवर ऑपरेटिंग सिस्टिम शोधतो. बाह्य डिस्क या यादीत वर असेल तर तो तिच्यापाशी रेंगाळतो. संगणकाच्या मूळ मांडणीत जाऊन आतील डिस्कला पहिले स्थान दिले की हा खोळंबा मिटतो. येथे डिस्क निर्दोष असू शकते.

यानंतर संगणकाची नोंदवही पाहावी. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर', लिनक्समध्ये कर्नलचे संदेश आणि मॅकमध्ये 'कन्सोल' यांत अशा घटनांची वेळवार नोंद होते. सेक्टर वाचता न आल्याच्या नोंदी असतील तर दोष तबकडीचा. उपकरणाशी संबंध वारंवार तुटल्याच्या व पुन्हा जुळल्याच्या नोंदी असतील तर बहुधा वीज, केबल किंवा दुभाषी मंडल यांचा.

डिस्क स्वतःही आपल्या प्रकृतीची नोंद ठेवते. या सोयीला 'स्मार्ट' असे नाव असून क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्स यांसारख्या विनामूल्य प्रोग्रॅमने ती वाचता येते. काही डब्यांतील मंडले ही नोंद बाहेर येऊ देत नाहीत, ही गोष्ट वेगळी. या नोंदीतील तीन आकडे विशेष महत्त्वाचे. पहिला, खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांचा. दुसरा, वाचता न आल्यामुळे निर्णयाची वाट पाहत असलेल्या सेक्टरांचा. संगणक अडत असताना हा आकडा शून्याहून अधिक असेल तर कारण सापडले असे समजावे. तिसरा, डिस्क आणि मंडल यांच्यातील देवघेवीत झालेल्या चुकांचा. तो वाढत असेल तर त्या दोहोंमधील सांधा सदोष असण्याचा संभव अधिक.

'स्मार्ट'ची नोंद निर्मळ आहे म्हणून निश्चिंत राहणे मात्र योग्य नव्हे. गूगल कंपनीतील संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये पूर्वसूचना देणाऱ्या चार प्रमुख आकड्यांपैकी एकही वाढलेला नव्हता. उलट, पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेल्या डिस्कला पुढील ६० दिवसांत निकामी होण्याचा धोका निर्दोष डिस्कच्या ३९ पट होता. तात्पर्य, नोंद वाईट असेल तर तिच्यावर विश्वास ठेवावा. चांगली असेल तर ठेवू नये.

मांडणीतील दोष

तबकडी, केबल आणि वीज ही सर्व निर्दोष असूनही संगणक थांबू शकतो. कोणती फाइल कोठे आहे याची एक सूची डिस्कवर असते. लिखाण चालू असताना केबल ओढून काढली तर ही सूची अर्धवट राहते. पुढच्या वेळी डिस्क जोडताच ऑपरेटिंग सिस्टिमला ही विसंगती जाणवते आणि ती तपासणी सुरू करते. मॅक संगणकावर ही तपासणी पुष्कळदा पडद्यामागे चालते. डिस्क मोठी असेल तर बराच वेळ ती दिसतच नाही व वापरणारा घाबरून पुन्हा केबल काढतो. परिणामी विसंगती वाढतच जाते. एन.टी.एफ.एस. सारख्या पद्धतीत बदलांची आगाऊ नोंद ठेवली जात असल्याने ती अशा आघातातून सावरते. एक्स-फॅट पद्धतीत तशी नोंद नसते.

विंडोज १० च्या २०१८ सालच्या १८०९ या आवृत्तीपासून बाह्य साधनांवरील लिखाण शक्य तितक्या लवकर पुरे करण्याचे धोरण मुळातच लागू केलेले आहे. तरीही डिस्क काढण्यापूर्वी तशी आज्ञा देण्याची सवय सोडू नये. कारण फाइल लिहिली जात असतानाच केबल निघाली तर कोणतेही धोरण उपयोगी पडत नाही.

एक खोळंबा मात्र रोग नसतो. २०१३ पासून बाजारात आलेल्या काही डिस्कमध्ये कौलांप्रमाणे एकावर एक अंशतः चढवलेल्या पट्ट्यांत माहिती लिहिली जाते. त्यामुळे साठा वाढतो, पण जुन्या जागी लिहिताना शेजारच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. मोठ्या प्रमाणावर फाइली भरताना अशी डिस्क मधूनमधून अतिशय संथ होते. वाचताना ती नीट चालत असेल आणि केवळ दीर्घ लेखनाच्या वेळी रेंगाळत असेल, तर तिला थोडा अवधी द्यावा.

आधी ऐवज, मग दुरुस्ती

तबकडीचा दोष निश्चित झाला की सर्वसाधारण वापरणारा दुरुस्तीकडे धावतो. विंडोजमधील 'चेकडिस्क' हा प्रोग्रॅम खराब सेक्टर शोधण्याच्या आज्ञेसह चालवला जातो, किंवा पडद्यावर आलेल्या सूचनेनुसार डिस्क 'फॉरमॅट' केली जाते. येथेच सर्वाधिक हानी होते. चेकडिस्क माहिती वाचवण्यासाठी नसून सूची सुसंगत करण्यासाठी आहे. जो भाग वाचता येत नाही त्याचे दुवे तो तोडूनही टाकतो. शिवाय संपूर्ण पृष्ठभाग वाचण्याचे कित्येक तासांचे श्रम तो आधीच अशक्त झालेल्या डिस्कवर लादतो. प्रकृती अत्यवस्थ असलेल्या माणसाला व्यायाम करायला लावण्यासारखेच हे आहे.

योग्य मार्ग उलट दिशेने जातो. प्रथम पुरेशी मोकळी जागा असलेली दुसरी, निरोगी डिस्क मिळवावी. रोगी डिस्कवर काहीही नवे लिहू नये. ती अजून फाइली दाखवत असेल तर सर्वांत मोलाच्या फाइली आधी, थोड्या थोड्या करून उतरवाव्यात. संपूर्ण डिस्कची प्रत एकदम सुरू करू नये, कारण पहिल्याच खराब फाइलपाशी ती अडते व उरलेल्या निरोगी फाइली तशाच राहतात.

खराब सेक्टर पुष्कळ असतील तर 'डीडीरेस्क्यू' हा विनामूल्य प्रोग्रॅम उपयोगी पडतो. त्याची रीत विचार करण्याजोगी आहे. तो फाइली न पाहता सरळ सेक्टर उतरवतो. अडचणीचा भाग लागला की तेथे झुंजत न बसता तो पुढे उडी मारतो आणि जे सहज मिळते ते सर्व आधी पदरात पाडून घेतो. कोठे काय मिळाले व काय राहिले याचा नकाशा तो जपून ठेवतो. सुलभ भाग संपल्यावर मग तो राहिलेल्या जागांकडे परततो. डिस्क मध्येच निकामी झाली तरी तोवरचा मोठा हिस्सा सुरक्षित असतो, आणि फाइली शोधण्याचे पुढील सर्व काम मूळ डिस्कला हात न लावता प्रतीवर करता येते.

डिस्क डबीतून बाहेर काढून थेट संगणकाला जोडणे हा दुभाषी मंडल बिघडल्यावरचा उपाय आहे; पण तो सर्वत्र चालत नाही. काही डिस्कमध्ये यू.एस.बी.चा सांधा डिस्कच्याच मंडलावर असतो, तर काहींत माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असून तिची किल्ली मूळ मंडलात राहते. तेव्हा ते मंडल फेकून देऊ नये. तबकड्यांवरील झाकण मात्र घरी कधीच उघडू नये. खोलीतील हवेत तरंगणारी धूळ हेडच्या उंचीच्या कितीतरी पट मोठी असते. डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा एक जुना उपाय लोकांत प्रचलित आहे. त्यामुळे आत दव जमण्याचा धोका असतो, म्हणून तो टाळावा. आवाज बिघडलेला असेल आणि ऐवज अमोल असेल, तर डिस्क बंद करून, धूळरहित खोली असलेल्या तज्ज्ञांच्या स्वाधीन करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. तेथील खर्च बहुधा नव्या डिस्कच्या किमतीच्या अनेक पट असतो. म्हणून तो करावा की नाही हे आतील ऐवजाचे मोल पाहून ठरवावे.

दुसऱ्या प्रतीचे महत्त्व

'टॉय स्टोरी २' या चित्रपटाची निर्मिती चालू असताना १९९८ साली एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या बहुतांश फाइली पुसल्या गेल्या. राखीव प्रती घेतल्या जात होत्या. पण त्या नीट उतरत नव्हत्या हे तोवर कोणाच्या ध्यानात आलेले नव्हते. गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ महिलेने बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून आपल्या घरच्या संगणकावर एक प्रत ठेवली होती. तिच्यामुळे काम वाचले. या प्रसंगातून दोन गोष्टी कळतात: प्रत वेगळ्या जागी असावी, आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम हेच सोप्या आकड्यांत सांगतो. महत्त्वाच्या माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक वेगळ्या ठिकाणी असावी. एखाद्या लहान ग्रंथालयालाही हे परवडण्यासारखे आहे: एक प्रत संगणकात, एक बाह्य डिस्कवर आणि एक गावातच पण दुसऱ्या इमारतीत. बाह्य डिस्क ही राखीव प्रत ठेवण्यासाठी योजलेली वस्तू आहे. मूळ फाइली संगणकातून पुसून केवळ तिच्यावर ठेवल्या की ती राखीव प्रत राहत नाही. तीच एकुलती प्रत होते, आणि बहुतेकांना याची जाणीव संगणक प्रथम खोळंबतो त्या दिवशी होते.

म्हणून संगणकाचा असा खोळंबा ही केवळ गैरसोय मानू नये. एखादे वेळी तो आठवडाभर आधी मिळालेला इशारा असतो, तर एखादे वेळी निव्वळ सैल केबलचा परिणाम. या दोहोंतील भेद ओळखण्यास वर सांगितलेला क्रम पुरेसा आहे. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. एक चांगली केबल, एक मोकळी डिस्क आणि थोडा धीर एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागते.